दुहेरी पंचक : ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ची पाच वर्षे



या मालेत आम्ही आजवर बोलत आलो ते बहुतेक दीर्घायुषी गोष्टींबद्दल. घराणी, संप्रदाय, दर्शने. आज एका अल्पायुषी गोष्टीबद्दल बोलायचं आहे. लंडनमधला एक बँड. १९६५ साल सरता सरता त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं, आणि ते दशक संपता संपता तो मूळ स्वरूपात उरला नाही. म्हणजे धरून चाला पाच वर्षं. एवढ्या काळात आपल्याकडे एखाद्या शिष्याला गुरू दुसरा राग शिकवायला घेत नाहीत.

त्या बँडचं नाव ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’. त्याला दुहेरी पंचक म्हणत, कारण त्यात पाच वादक जॅझचे आणि पाच वादक हिंदुस्थानी बाजूचे, असे दहा जण बसत. आता तुम्ही म्हणाल, सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला याचं काय? दोन कारणं आहेत. पहिलं अगदी साधं आहे. त्या दहा जणांच्या यादीत ‘केशव साठे, तबला’ असं नाव आहे. लंडनच्या जॅझच्या इतिहासात हा आपला साठे काय करतोय, हे कुतूहल. दुसरं कारण म्हणजे त्या बँडने एक प्रश्न प्रत्यक्ष वाजवून विचारला होता : परंपरेतलं नेमकं काय कागदावर उतरवून परक्याच्या हाती देता येतं, आणि काय देता येत नाही? हा प्रश्न आमच्या विषयाचा आहे, आणि तो त्यांनी आमच्याहून धिटाईने विचारला.

सुरुवात जॉन मेयर यांच्यापासून करू. मेयर कलकत्त्याचे, अँग्लो-इंडियन कुटुंबातले. लहानपणापासून व्हायोलिन. पुढे मुंबईत मेहली मेहता यांच्याकडे शिकले. हे मेहली मेहता म्हणजे बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक आणि झुबिन मेहतांचे वडील. पाश्चात्त्य व्हायोलिनबरोबर मेयर यांनी हिंदुस्थानी संगीताचं शास्त्रही शिकून घेतलं. १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकमध्ये गेले. पुढे लंडन फिलहार्मोनिक आणि मग रॉयल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदांत नोकरी केली. दिवसा दुसऱ्यांच्या रचना वाजवायच्या आणि रात्री स्वतःच्या लिहायच्या, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. त्या रचनांत राग होते, ताल होते, आणि पाश्चात्त्य आधुनिक संगीतातलं स्वरमालिकांचं तंत्रही होतं.

बँडच्या जन्माची हकिगत मेयर स्वतः सांगत ती अशी. डेनिस प्रेस्टन नावाचे ध्वनिमुद्रणाचे एक निर्माते होते, लॅन्सडाउन स्टुडिओवाले. त्यांनी मेयरना विचारलं, तुमच्याकडे जॅझसाठी लिहिलेलं काही आहे का? एक तबकडी पुरी करायला छोटा तुकडा हवाय. मेयर म्हणाले, आहे की! प्रत्यक्षात काहीही नव्हतं. ते घरी गेले, रात्रभर बसले आणि लिहून काढलं. तो तुकडा पुढे अटलांटिक या अमेरिकन कंपनीच्या अहमत एर्तेगुन यांच्या कानावर गेला. त्यांनी सुचवलं की यातून पूर्ण तबकडी करा, आणि त्यात जो हॅरियट यांना घ्या. म्हणजे बघा, या बँडचा जन्म झाला तो एका थापेतून. पण थाप अशा माणसाने मारली होती, ज्याची पंधरा वर्षांची तयारी होती.

आता हे जो हॅरियट कोण? जमैकातल्या किंग्स्टनचे. अल्फा बॉइज स्कूल या शाळेत वाढले. गरिबाघरच्या आणि पोरक्या मुलांची ती शाळा, तिथल्या बँडमधून एकाहून एक वादक निघाले. १९५१ मध्ये हॅरियट इंग्लंडला आले. वाद्य ऑल्टो सॅक्सोफोन. १९६० च्या सुमारास त्यांनी ‘फ्री फॉर्म’ नावाचं वादन सुरू केलं. जॅझमध्ये सहसा एक ठरलेली चाल असते, तिच्याखाली स्वरसंघातांची, म्हणजे कॉर्डांची, ठरलेली रांग असते, आणि वादक त्या रांगेवरून चालत आपलं मनोधर्माचं वादन करतो. हॅरियट यांनी ती रांगच काढून टाकली. एकमेकांचं ऐका आणि वाजवा, एवढाच नियम. असा माणूस रागसंगीताकडे आला तेव्हा त्याचे हात अगोदरच अर्धे मोकळे झालेले होते, हे लक्षात ठेवा.

आणखी एक संदर्भ. लॅन्सडाउन स्टुडिओ होता लंडनच्या हॉलंड पार्क भागात. त्याला लागूनच नॉटिंग हिल. १९५८ मध्ये त्याच नॉटिंग हिलमध्ये वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांवर हल्ले झाले, दंगली झाल्या. त्यानंतर सातच वर्षांनी जवळच्याच स्टुडिओत एक जमैकन, एक कलकत्तेकर आणि एक मुंबईकर शेजारी बसून वाजवत होते. तबकडीवर याचा उल्लेख नाही, पण आपण तो विसरू नये.

तबकडीचं नाव ‘इंडो-जॅझ स्वीट’. ती १९६६ मध्ये आली. तिच्यावर चार रचना होत्या : एक प्रारंभिका, एक ‘कॉन्ट्रास्ट्स’, आणि मग राग मेघ व राग गौड सारंग. काळाचा योग बघा. ध्वनिमुद्रण झालं १९६५ च्या शरदात. त्याच शरदात, त्याच शहरात, बीटल्सच्या एका गाण्यात जॉर्ज हॅरिसन यांनी पहिल्यांदा सतार वाजवली. म्हणजे ‘बीटल्सनी सतार आणली आणि मग बाकीचे मागून आले’ हे जे सरसकट सांगितलं जातं, ते इथे लागू पडत नाही. ही मंडळी कोणाच्या मागून आली नव्हती.

आता ती दहा नावं पाहू. जॅझचं पंचक : हॅरियट सॅक्सोफोनवर, एडी ब्लेअर ट्रम्पेटवर, पॅट स्माइथ पियानोवर, रिक लेअर्ड बासवर आणि ॲलन गॅनली ड्रम्सवर. हिंदुस्थानी पंचक : दिवाण मोतीहार सतारीवर, केशव साठे तबल्यावर, चंद्रहास पैगंका तंबोऱ्यावर, ख्रिस टेलर फ्लूटवर, आणि स्वतः मेयर व्हायोलिन व हार्प्सिकॉर्डवर.

या यादीपाशी जरा थांबू या. लोक म्हणतात, ‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’. कुठली पूर्व आणि कुठली पश्चिम? ‘पाश्चात्त्य’ पंचकाचा प्रमुख जमैकाचा, पियानोवाला स्कॉटलंडचा, बासवाला आयर्लंडच्या डब्लिनचा. ‘हिंदुस्थानी’ पंचकात फ्लूट वाजवणारा इंग्रज, आणि रचनाकार असा, ज्याचं घरच निम्मं तिकडचं आणि निम्मं इकडचं. म्हणजे पूर्व-पश्चिम ही भाषा वेष्टनापुरती ठीक आहे. आत उघडून पाहिलं तर दिसतात ती बहुतेक कुठून तरी लंडनला येऊन पोचलेली माणसं.

आणि ते तंबोऱ्यावरचं नाव, ‘पैगंका’. मराठी कोकणी कानाला ते लगेच खटकतं. गोव्यात काणकोण तालुक्यात पैंगीण गाव आहे. तिथले ते पैंगणकर. आमचा अंदाज असा की शेवटचा ‘र’ छपाईत गळाला, आणि तो परत जागेवर बसवायला कोणी गेलं नाही. तंबोरा वाजवणाऱ्याच्या नावातलं एक अक्षर कोणाला महत्त्वाचं वाटणार? पण सगळा राग उभा असतो तो त्या तंबोऱ्यावर, हे तुम्हा मंडळींना सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मेयर यांच्यापुढची अडचण काय होती? जॅझवाल्यांना राग द्यायचा कसा? ते कागद वाचणारे लोक. त्यांना स्वर लिहून देता येतात. पण स्वर म्हणजे राग नव्हे. याचं उदाहरण या बँडच्याच पुढच्या तबकडीत आहे. ती १९६७ मध्ये आली, ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ याच नावाने, आणि तीत ‘मुलतानी’ नावाची रचना आहे.

मुलतानीचे स्वर कोणते? रिषभ, गंधार आणि धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. आता तोडीचे स्वर सांगा. रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. तेच! कागदावर दोन्ही एकच. पण तोडी सकाळी गातात आणि मुलतानी दुपार कलताना. तोडीत रिषभ आणि धैवत यांना केवढा मान. मुलतानीत आरोहात ते दोन्ही वर्ज्य, आणि अवरोहात नुसते स्पर्शापुरते. मुलतानी मंद्र निषादावरून उठते, तीव्र मध्यमाला बिलगलेला गंधार घेते आणि पंचमावर विसावते. तोडीत पंचम दुय्यम. म्हणजे माणसं तीच, पण घर वेगळं, घरातला मान वेगळा आणि चालायची रीत वेगळी.

मग सॅक्सोफोनवाल्याच्या हातात पाच-सात स्वरांचा कागद दिला, तर त्याला कसं कळावं की तो मुलतानीत उभा आहे की तोडीत? नियम आणखी लिहिता येतील. आरोहात हे घेऊ नका, इथे थांबा, तिथे थांबू नका. पण हे सगळे ‘करू नका’चे नियम झाले. रागाची चाल ही ‘करा’ची गोष्ट आहे, आणि ती गुरूपुढे बसून हजारदा चुकल्यावर अंगात येते. तत्त्वज्ञानात आम्ही वर्गात हे शिकवत होतो : ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ ही दोन वेगळी ज्ञानं आहेत. गिल्बर्ट राइल यांचा हा भेद. फळ्यावर तो समजावायला आम्हाला तास लागायचा. मुलतानी आणि तोडी गाऊन दाखवता आल्या असत्या, तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

मग प्रामाणिकपणे विचारू. या तबकडीवरची मुलतानी ही मुलतानी आहे का? पुण्याच्या कानांनी ऐकाल तर सतार सुरू असते तोवर हो. सॅक्सोफोन आला की काही वाक्यं रागाची, काही निव्वळ त्या स्वरांची. पण गंमत अशी की हॅरियट यांचं वादन कुठेही पोकळ वाटत नाही. त्यांना मुलतानीचा व्याप ठाऊक नाही, पण एका स्वरावर उभं राहून दुसऱ्यासाठी आसुसणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते त्यांनी ब्लूजमधून आणलं आहे.

इथे ब्लूजबद्दल दोन गोष्टी सांगू, कारण या बँडचा जीव त्यात होता. पहिली श्रुतीची. ब्लूजमधला गंधार पियानोच्या पट्ट्यांत सापडत नाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी डोलतो. पियानोवाला दोन पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास निर्माण करतो. सॅक्सोफोनवाला मात्र ओठांच्या दाबाने तो खरोखर गाठतो. आपल्या सतारीची मींड तेच करते. म्हणजे या बँडमध्ये पियानो आणि सतार यांचं पटणं कठीण, कारण पियानो समान अंतरांवर बांधलेला. पण सतार आणि सॅक्सोफोन यांना एकमेकांची भाषा समजत होती. सीमारेषा दोन पंचकांच्या मधून जात नव्हती, ती पंचकांच्या आतून जात होती.

दुसरी गोष्ट तालाची. साध्या ब्लूजचा एक फेरा बारा मापांचा. प्रत्येक मापात चार मात्रा. बारा चोक अठ्ठेचाळीस. आता तीनतालाची आवर्तनं मोजा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस! आणि ब्लूजच्या फेऱ्यात तीन ओळी असतात, प्रत्येक ओळ चार मापांची, म्हणजे सोळा मात्रांची. एक ओळ, एक आवर्तन. तीन ओळी, तीन समा. गणित असं जुळतं की वाटावं, कोणीतरी मुद्दाम केलं. पण मित्रहो, जुळतं ते फक्त लांबीचं. वजन जुळत नाही. आपल्याकडे सगळा ओढा समेकडे, सम आली की मान हलली पाहिजे. जॅझमध्ये ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जाणवतो, आणि एका मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांबट आणि दुसरा आखूड. त्यालाच ते स्विंग म्हणतात. १९६८ च्या तिसऱ्या तबकडीत एका रचनेचं नावच ‘मिश्र ब्लूज’ आहे. त्यातला ‘मिश्र’ हा शब्द आपण ‘मिश्र खमाज’, ‘मिश्र पिलू’ म्हणतो तसाच. मेयरना दोन्हीकडचे विनोद कळत होते.

आता विचार करा, या सगळ्यात तबलजीने काय करायचं? केशव साठे मुंबईचे. जन्म १९२८ चा, म्हणजे हॅरियट यांच्याच वर्षाचा. १९५६ मध्ये ते लंडनला गेले. या बँडमध्ये त्यांच्या बाजूला पूर्ण ड्रमसंच. ड्रमवाल्याच्या पितळी थाळ्या वाजल्या की तबल्याचे बारीक बोल गिळले जातात, म्हणून संयम दोघांनी पाळायचा. शिवाय तबला एका षड्जाला मिळवलेला, आणि जॅझची चाल मध्येच आपला आधारस्वर बदलू पाहणार. ऑल्टो सॅक्सोफोन मुळात ई-फ्लॅटचं वाद्य, त्याला सोयीची पट्टी एक, तंतुवाद्याला सोयीची दुसरी. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी अर्धं पाऊल मागे घ्यावं लागतं, तेव्हा दहा जणांचं वाजवणं एकत्र ऐकू येतं.

साठे यांचा तबला ऐकताना आम्हाला हेच जाणवतं. त्यात ‘बघा माझी तयारी’ असा आविर्भाव नाही. ठेका स्वच्छ, वजनदार, आणि सॅक्सोफोन कितीही दूर गेला तरी परत यायला जागा राखून ठेवणारा. साथसंगत हा शब्द आपण फार स्वस्त वापरतो. ज्याच्याशी आपली भाषा जुळत नाही त्याची साथ करणं, ही या कलेची खरी परीक्षा म्हणायची.

तबकड्या निघाल्या, मैफली झाल्या. पुढच्या ध्वनिमुद्रणांत सेंट व्हिन्सेंट बेटाचे शेक कीन ट्रम्पेटवर आले, जमैकाचे कोलरिज गुड बासवर आले. त्यांची ‘आका राग’ नावाची छोटी चटपटीत रचना तर बीबीसीच्या ‘आस्क द फॅमिली’ या प्रश्नमंजुषेची शीर्षकधून झाली. म्हणजे इंग्लंडमधल्या घराघरांत, चहाच्या कपासोबत सतार-तबला पोचला. ऐकणाऱ्यांना वाजवणाऱ्यांची नावं माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मग बँड टिकला का नाही? दहा माणसांचा बँड हा दहा संसारांचा प्रश्न असतो. त्यातला प्रत्येक जण दुसऱ्या कुठल्यातरी कामावर पोट भरणारा. घराण्याला शिष्य असतात, बँडला तारखा असतात. हॅरियट बाजूला झाले. पुढची वर्षं ते गावोगाव एकटे फिरत, जिथे जे साथीदार मिळतील त्यांच्याबरोबर वाजवत राहिले. २ जानेवारी १९७३ रोजी साउदॅम्प्टनमध्ये कर्करोगाने ते गेले. वय ४४. मेयर यांनी त्या नावाने आणखी काही काम केलं आणि मग ते बाजूला ठेवलं. १९९५ मध्ये, बर्मिंगहॅमच्या संगीत महाविद्यालयात शिकवत असताना, त्यांनी बँड पुन्हा उभा केला. त्यात सतारीवर त्यांचा मुलगा जोनाथन होता. २००४ मध्ये लंडनमध्ये मोटारीच्या अपघातात मेयर गेले.

पण पाच वर्षांच्या बँडमधून काय वाहत पुढे गेलं, ते पाहा. पहिल्या तबकडीतले बासवादक रिक लेअर्ड १९७१ मध्ये जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात गेले. जॅझ-रॉक म्हटलं की आज जे पहिलं नाव निघतं, ते हेच. पुढे ‘फ्यूजन’ हा शब्द बाजारात रुळला. तो १९६७ मध्येच या मंडळींनी आपल्या वेष्टनावर छापला होता.

आणि साठे? त्यांचा प्रवास तर एका छोट्या बँडमधून दुसऱ्या छोट्या बँडमध्ये असा आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये मोतीहार यांच्याबरोबर ते जर्मनीत गेले. तिथे ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही तबकडी झाली, स्विस पियानोवादक इरेने श्वाइत्सर यांच्या त्रयीसोबत. त्या वेळी तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर होत्या. १९७२ मध्ये ‘मॅजिक कार्पेट’ नावाचा चौघांचा बँड : सतारीवर क्लेम आल्फोर्ड नावाचा स्कॉटिश माणूस, गाणारी अलिशा सुफित, गिटारवर जिम मॉइस आणि तबल्यावर आपले साठे. एक तबकडी निघाली आणि बँड संपला. १९७७ मध्ये जॉन रेनबर्न यांच्या मंडळीत साठे इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना तबल्याची साथ करताना दिसतात.

आणि एक तबकडी अशी, जिचं नाव ऐकून तुम्ही चमकाल : ‘कोकण डान्स’. ती अमान्सिओ डिसिल्वा यांची. जन्म मुंबईचा, आई-वडील गोव्याचे. शिमल्याच्या उपाहारगृहात गिटार वाजवणारा हा माणूस पुढे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींच्या पदरी राहिला. १९६७ मध्ये ते लंडनला गेले, मुख्य कारण म्हणजे मुलाच्या आजारावर उपचार. हॅरियट यांच्याबरोबर त्यांनी १९६९ मध्ये ‘हम दोनों’ नावाची तबकडी केली, तीत ‘बॅलड फॉर गोवा’ अशी एक रचना आहे. ‘कोकण डान्स’ १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. त्यात गोंयकाराची गिटार आणि साठे यांचा तबला. पण ती बाहेर आली २००६ मध्ये. डिसिल्वा १९९६ मध्येच गेले होते.

आता पुण्याकडे वळतो, कारण इथे आमची स्वतःची एक कबुली द्यायची आहे. सत्तरच्या दशकात आम्ही महाविद्यालयात होतो. ‘फ्यूजन’ हा शब्द आमच्या मित्रमंडळात शिवीसारखा वापरला जायचा. न ऐकताच आम्ही म्हणायचो, ‘खिचडी आहे ती.’ शुद्धता आमच्याकडे, भेसळ तिकडे. आम्हाला त्या बँडचं नावही ठाऊक नव्हतं, आणि त्यात एक साठे आहेत हे कळलं असतं, तर कदाचित आम्ही ‘वाया गेला बिचारा’ म्हणालो असतो.

पण आमची ती शुद्धता कुठून आली होती? सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात १९५३ पासून होतो. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. त्यांचं घराणं किराणा, म्हणजे उत्तरेतल्या कैराना गावचं. ते इकडे आले, १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, पुढे मिरजेत राहिले. त्यांच्या सरगमवर कर्नाटक संगीताचा ठसा आहे, हे त्यांनी कधी लपवलं नाही. आमच्या नाट्यसंगीताला साथ कशाची? पायपेटीची आणि ऑर्गनची. हार्मोनियम तर युरोपातून आलेलं वाद्य, समान अंतरांच्या पट्ट्यांचं, पियानोसारखंच. म्हणजे उत्तरेचं घराणं, दक्षिणेची सरगम, युरोपची पेटी आणि मराठी श्रोता. ही खिचडी नव्हती का? होती. पण तिला शंभर वर्षं मिळाली. शिष्य मिळाले, पुन्हा पुन्हा येणारे श्रोते मिळाले, चुका दुरुस्त करायला सवड मिळाली. पेटीला गायकांनी आधी नावं ठेवली, मग हळूहळू पेटीवाले गळ्याबरोबर चालायला शिकले.

लंडनच्या त्या दहा जणांना पाचच वर्षं मिळाली. हॅरियट यांच्या मुलतानीत जो कच्चेपणा आहे, तो मिसळण्याचा दोष नव्हे, तो वेळेचा अभाव आहे. आम्हाला आज एवढंच म्हणायचं आहे : ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती पुष्कळदा वेळ मिळालेली मिसळच असते. आणि ज्याला आपण भेसळ म्हणून मोडीत काढतो, ती पुष्कळदा वेळ न मिळालेली परंपरा असते. सगळ्याच मिसळी मुरल्या असत्या असं नाही. काही मुळात फसव्या असतात, पैशासाठी केलेल्या असतात. पण कुठली कशी, हे ऐकल्यावाचून ठरवता येत नाही. आम्ही तरुणपणी न ऐकता ठरवलं, ही आमची चूक.

या चुकीची किंमतही आहे, बरं का. मराठी संगीताच्या इतिहासात केशव साठे यांना जागा नाही, कारण ते मैफलीचे मानकरी नव्हते. जॅझच्या इतिहासात त्यांचं नाव येतं, ते यादीच्या तळाशी. दोन्हीकडून ते निसटले. २०१२ मध्ये ते गेले. १९५६ पासूनचा परदेशातला एक अख्खा कलाव्यवहार त्यांच्या हातांत होता. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या वजनांच्या माणसांबरोबर सम कशी गाठायची, हे ज्ञान. ते कागदावर नाही. जे काही आहे ते त्या तबकड्यांत.

म्हणून शेवटी एक छोटा गृहपाठ. ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’मधली ‘मुलतानी’ मिळवा आणि दोनदा ऐका. पहिल्यांदा सॅक्सोफोन ऐका, आणि मनातल्या मनात चुका काढा. पुणेकर आहात, त्या सापडतीलच. दुसऱ्यांदा मात्र सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करा. फक्त तबला आणि मागचा तंबोरा ऐका. साठे आणि पैंगणकर. बाकीचे आठ जण कुठे कुठे जातात आणि परत कशाच्या आधाराने येतात, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.